हरणामावशीच्या भरवशावर

५ ऑगस्ट १९४४

ही वही ह्यांनी बेळगावहून आणलेली. मे महिन्यात रजा संपवून पलटणीत परत जाताना माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पत्रात सगळं लिहिता येत नाही, मध्ये वाचणारे बसलेत. यात लिहीत जा. आल्यावर वाचीन." तीन महिने कोरीच राहिली. लिहायचं काय? सकाळी शेण, दुपारी भाकऱ्या, संध्याकाळी पाणी. साताऱ्यात मराठी सातवी पहिल्या वर्गात पास झाले ती यासाठीच का, असं मनात येतं आणि मग माझी मलाच लाज वाटते.

आज मात्र लिहायला बसले, कारण बोलायला कोणी नाही. आज विहिरीवर चार बायकांदेखत आत्याबाई म्हणाल्या, "सून मला जेवाय घालत न्हाई."

तासाभरापूर्वी मी त्यांना दोन भाकरी आणि घेवड्याची आमटी वाढली होती. मी म्हटलं, "आत्याबाई, असं काय बोलता? आत्ताच नाही का जेवलात?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मीच खोटं बोलत होते. बायकांनी माना खाली घातल्या. आत्याबाईंना सगळं गाव हरणामावशी म्हणतं, आणि हरणामावशी कशाला खोटं बोलेल? आमच्या वाडीतली आणि पार पलूसपर्यंतची अर्धी माणसं या सुइणीच्या हातांवर जन्माला आली. आणि मी कोण? वर्षापूर्वी शहरातून आलेली सून.

मी त्यांना नकोशी आहे, एवढंच यातून कळतं.

१२ ऑगस्ट

गुळाची अर्धी ढेप आज ज्वारीच्या कणगीत सापडली. माझ्यापासून लपवून ठेवतात. मला तिसरा महिना संपलाय, पण डोहाळे आंबटाचे आहेत, गुळाला मी हातही लावत नाही. विचारलं तर म्हणाल्या, "मी कशाला कणगीत घालू? तूच घातला असशील." आणि रडायला लागल्या. आता सासूला रडवते असंही गावात होईल.

२९ ऑगस्ट

आज वेगळंच झालं. दुपारी भांडी घासून आत आले तर आत्याबाई ही वही घेऊन बसलेल्या. त्यांना अक्षर येत नाही. मला म्हणाल्या, "अंजे, ह्यात ल्ही. मी सांगते तसं."

"काय लिहू?"

"बाळंतपन कसं करायचं त्ये. पयलं काय, मागनं काय. समदं."

"कशाला?"

"तुज्यासाठी गं. उद्या मी न्हाई ऱ्हायले तर ही इद्या कुनाकडं जायची?"

मग पान दीड पान सांगत होत्या. पोटावर हात कसा ठेवायचा, कळ खरी कुठली आणि खोटी कुठली, पोराची मान कशी धरायची, नाळ किती बोटांवर बांधायची. पोरामागून येणारी वार पडल्याबिगर बाळंतिणीपासून हलायचं नाही. वार पडली की ताटात पसरायची, कडेकडेनं बोट फिरवून बघायची. तुकडा आत राहिला तर बाई जाते. हे त्यांनी दोनदा लिहायला लावलं.

माझ्यावर एवढा विश्वास टाकतील असं वाटलं नव्हतं. मन जरा हलकं झालं.

७ सप्टेंबर

विश्वास कसला, परीक्षा आहे. रोज सकाळी मला ते दीड पान वाचायला लावतात. एक शब्द गाळला तर चालत नाही. शाळेत पाढे म्हणवून घ्यायचे तसं. पण गंमत अशी, मी वाचत असते तेव्हा ओठ त्यांचेच हलतात.

आता बाळंतपणालाही बरोबर नेतात. मणेरणी रहिमतबी त्यांची जुनी मैत्रीण, बांगड्या भरायला गावोगाव जातात आणि अडल्या वेळी आत्याबाईंच्या हाताखाली उभ्या राहतात. त्या म्हणाल्याच, "हरणे, गरवार पोरीला त्या खोलीत न्यू नगंस. लोक नावं ठिवतील."

"मला कुनी तरी पायजे जवळ," आत्याबाई म्हणाल्या. "मी इचारलं तर सांगाय."

आणि खरंच विचारतात. नाळ बांधली का गं? पाणी तापवाय सांगितलं का गं? स्वतः केलेलं मला विचारतात. मी लक्ष देते की नाही ते बघतात.

१२ ऑक्टोबर

सकाळी नदीला गेलेल्या आत्याबाई दुपार टळली तरी आल्या नाहीत. आमची जमीन वाट्यानं करणारा केरबा शोधायला निघाला. कडेगावच्या वाटेवर सापडल्या. अनवाणी, डोक्यावर धुण्याचा पिळा तसाच ओला. केरबाला म्हणाल्या, "आय वाट बघत असंल रं, लय उशीर झाला." त्यांचं माहेर कडेगावचं. त्यांची आई जाऊन तीस वर्षं झाली असतील.

मी त्यांचे पाय धुतले, काटे काढले. मग एकदम माझा हात धरून म्हणाल्या, "अंजे, माज्या डोस्क्याला चीर पडलीया. घागरीला पडती तशी. कुठनं गळतंय त्ये गावत न्हाई, पर गळतंय."

वय झालं, असं होतंच, म्हटलं.

"न्हाई. कवा कवा मी बाईच्या पोटावर हात ठिवते आन मला कळत न्हाई हिचं झालंय का व्हायचंय. तवा तू जवळ लागतीस."

मग मला इतक्या दिवसांचं सगळं उलटं दिसायला लागलं. विहीर, गूळ, ते दीड पान.

"कुनाला सांगू नगंस," त्या म्हणाल्या. "माज्या मानसिंगलाबी लिहू नगंस. बाया माज्या भरवशावर हायीत. मी न्हाई गेले तर त्यास्नी कोन हाय?"

मी शब्द दिला. त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. वर्षभरात पहिल्यांदा.

१० नोव्हेंबर

लिहिलं नाही तर वेड लागेल.

काल सकाळी वाडीतल्याच रंगूकाकींकडून बोलावणं आलं. त्यांची सून सुला, माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान, पहिलटकरीण. रहिमतबी तासगावच्या बाजाराला गेलेल्या. आत्याबाई आणि मी गेलो.

सकाळभर सगळं नीट होतं. आत्याबाईंचे हात असे चालत होते की मला वाटलं, उगाच घाबरले मी. सूर्य डोक्यावर आला तेव्हा मुलगी झाली. रडली. नाळ बांधली, कापली. रंगूकाकी पोरीला घेऊन बाहेर उजेडात गेल्या. सुला माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, "झालं व्हय? मला वाटलं मी मरतीया."

मग आत्याबाईंनी खापरात काही तरी ठेवलं, वर फडकं टाकलं आणि हात धुवायला उठल्या. मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, वार?"

"पडली की."

"ताटात पसरून बघायची ना?"

"बघितली. तू कुठं बघत हुतीस?"

मी तिथंच होते. त्यांनी ताटात पसरलेलं मी बघितलं नव्हतं. पण तेवढ्यात रंगूकाकी दारात आल्या. त्यांच्यासमोर परत विचारायचं म्हणजे, हरणामावशीला आठवत नाही असं म्हणायचं. मी शब्द दिला होता. मी खापरावरचं फडकं उचललं नाही. एक हात पुढे करायचा होता, बस्स. केला नाही.

दिवस कलायला लागला तेव्हा सुलाचा नवरा सयाजी धावत आला. "मावशी, रगात थांबंना." आत्याबाई झोपल्या होत्या, उठवलं तर कोण सयाजी ते त्यांना कळेना. मी एकटी गेले. गोधडी भिजून खालची जमीन ओली झाली होती. मी खापरावरचं फडकं काढलं. अर्धीच होती.

मला काय करता येतं? दीड पान वाचता येतं. पोट चोळलं, लेकराला अंगावर लावलं, थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या. सयाजीनं गाडी जुंपली. बैल वेशीपर्यंतही गेले नाहीत.

सगळे रडत होते तेव्हा मी ते खापर उचललं आणि परसात खड्डा करून पुरलं. रंगूकाकींनी बघितलं. म्हणाल्या, "तू कशाला गं? आमी पुरलं असतं की."

११ नोव्हेंबर

कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. "हरणामावशीच्या हातनं कवा असं झालं न्हाई. नशीब पोरीचं." तेच मला सहन होत नाही.

१४ नोव्हेंबर

आज सकाळी आत्याबाईंनी दोरा, विळा, फडकी असं त्यांचं गाठोडं बांधलं आणि ओट्यावर येऊन बसल्या.

"कुठं निघालात?"

"सुलाचं दिस भरलं न्हवं? अजून कसं बोलवाय आलं न्हाई कुनी?"

मी आत गेले आणि चुलीपुढे बसून राहिले. त्या दुपारपर्यंत वाट बघत होत्या.

२१ नोव्हेंबर

रोज तेच. आज धीर करून सांगितलं, "आत्याबाई, सुला गेली. बाळंतपणात गेली. आपणच होतो."

आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं. असा हंबरडा मी ऐकला नव्हता. ऊर बडवून घेतला, "माज्या हातावर? माज्या हातावर गेली?" म्हणून स्वतःचे हात जमिनीवर आपटायला लागल्या. रहिमतबी धावत आल्या, दोघींनी मिळून धरलं. बोटांची सालं निघाली.

संध्याकाळी जेवताना हाताकडे बघून मला म्हणाल्या, "ह्ये कशानं गं लागलं?" आणि मग, "सुलाकडनं आलं का कोन?"

२३ नोव्हेंबर

आज पुन्हा सांगितलं. का सांगितलं? मला वाटलं, एकदा पक्कं बसलं की विचारणार नाहीत. पण झालं परवासारखंच, तेच रडणं, तेच हात. त्यांच्या लेखी दर वेळी सुला नव्यानं मरते. मला वाटतं, मी हे त्यांच्यासाठी सांगत नव्हते. कुणीतरी माझ्याबरोबर ते ओझं उचलावं म्हणून सांगत होते. आता सांगणार नाही.

रहिमतबींना काहीच विचारावं लागलं नाही. हाताला हळद लावताना एवढंच म्हणाल्या, "मला दोन वरसं झाली कळून. मीबी गप्पच बसले गं पोरी."

३ डिसेंबर

जे व्हायला नको होतं ते झालं. मी गोठ्यात होते तेवढ्यात आत्याबाई गाठोडं घेऊन रंगूकाकींच्या दारात गेल्या. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमलेली. आत्याबाई रंगूकाकींना रागं भरत होत्या, "पोरगी कुठं हाय? कळा सुरू झाल्या आन मला सांगत न्हाईस व्हय गं? दुसरी कुनी बोलावली का?"

आत लेकरू रडत होतं. सयाजी भिंतीला टेकून उभा होता, त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तो म्हणाला, "हिला न्ह्या हितनं. आदी न्ह्या."

मी आत्याबाईंचा दंड धरला. फाटकापाशी रंगूकाकी मागून आल्या. हळू आवाजात विचारलं, "अंजना, मावशी तवाबी अशीच हुती का?"

मी म्हटलं, "नाही. हे आत्ता चार दिवसांत झालं. धक्क्यानं."

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी जमिनीकडे.

१४ डिसेंबर

केरबाच्या बायकोनं देवऋषी सांगितला होता, अंगारा लावून झाला, गुण आला नाही. म्हणून काल सांगलीला नेलं. केरबा बरोबर होता. सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी, चढावर उतरून चालायला लावतात. आठव्या महिन्यात मी चालले आणि आत्याबाई माझा हात धरून. मला म्हणत होत्या, "सावकाश पोरी. कितवा तुजा? तुजी सासू कुठाय, अशी कशी सोडली तुला?"

डॉक्टर भला माणूस. अर्धा तास बोलला त्यांच्याशी. वार कोणता, गाव कोणतं, मुलाचं नाव काय. मुलाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं ते कडेगाव. मग त्यांनीच डॉक्टरचा हात धरला. "तुजी बायकू पयलटकरीन हाय का? घाबरू नगंस बाबा. मी येते. लय काढलीत मी." डॉक्टरनं हात सोडवून घेतला नाही.

मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, मेंदू झिजतो आहे. यावर औषध नाही. पडू देऊ नका, हरवू देऊ नका, खाऊ घाला. वाद घालू नका."

"बऱ्या कधी होतील?"

मी शिकलेली, तरी हा प्रश्न विचारला.

बाहेर पेठेत हळदीची पोती उतरत होती, सगळीकडे पिवळी धूळ. आत्याबाई शिंकल्या आणि लहान पोरीसारख्या हसल्या. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की मी तोंड फिरवलं. त्यांना हसता येतं. सुलाचं ओझं एकट्या माझ्याकडे.

५ जानेवारी १९४५

ह्यांचं पत्र आलं. कुठून ते काळ्या शाईनं पुसलेलं. थंडी फार आहे लिहितात. पुढे, "तुझी वेळ जवळ आली असेल. इथं काही जणांना घरची काळजी लागून राहते, पण मी निर्धास्त आहे. आई आहे तुझ्याजवळ. तिच्या हातात दिलं की झालं."

चार ओळींचं उत्तर लिहिलं. सर्व ठीक आहे, आईंची तब्येत बरी आहे. खोटं लिहायला आता वेळ लागत नाही.

९ जानेवारी

साताऱ्याहून बाबा न्यायला आले. पहिलं बाळंतपण माहेरचंच. वहिनीनं खोली सारवून ठेवली आहे म्हणे. मी पेटी भरली, रहिमतबींनी आत्याबाईंना सांभाळायचं कबूल केलं. गाडीत बसायच्या वेळी आत्याबाई दिसेनात. मळ्यातल्या विहिरीच्या काठावर, पाय आत सोडून बसलेल्या सापडल्या. खाली बघून कुणाशी तरी बोलत होत्या.

बाबा म्हणाले, "पोरी, तुझ्या पोटातल्याचा विचार कर. यांची तू पोटची नाहीस." ते आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवणारे, मोजकंच बोलतात. त्यांचं बरोबर होतं. रहिमतबींचे गुडघे दुखतात, त्यांच्यानं धावणं होत नाही, हेही खरं होतं. मी पेटी उतरवली. बाबा एकटे गेले.

यात माझा काही मोठेपणा नाही. आत्याबाई विहिरीत पडल्या असत्या तर माझ्या मनाला सुटल्यासारखं वाटलं असतं का, हे मला बघायचं नव्हतं.

४ फेब्रुवारी

बाराव्या दिवशी वही हातात घेतली. मुलगा झाला. २४ तारखेला, भर दुपारी.

कळा सुरू झाल्या तेव्हा मी रहिमतबींना म्हटलं, "दाराला कडी घाला. त्यांना आत घेऊ नका."

"अंजना, तिचं घर हाय. तुजी सासू हाय."

"माझ्या अंगाला त्यांचा हात लागू देऊ नका." मी ओरडून बोलले. बाहेर ऐकू गेलं असणारच.

कडी घातली. आत्याबाई दार वाजवायला लागल्या. "रहिमत, अगं उघड. पोरगी वरडतीया. माजं काम हाय त्ये." कितीतरी वेळ वाजवत होत्या. मग थांबल्या, आणि दाराला टेकून बसल्याचा आवाज आला. आणि मग त्यांचा आवाज एकदम पूर्वीचा झाला.

"रहिमत, ह्यो आवाज नरड्यातला हाय. अजून अवकाश हाय तिला. जोर करू द्यू नगंस, दमंल."

रहिमतबी माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत्याबाई सांगतील तसंच करत गेल्या. घटकेनं बाहेरून, "आता पोटातनं आवाज आला. आता लाव जोर म्हनावं." आणि शेवटी, "थांब! दम धर. धापा टाक म्हनावं, धापा. मान आली असंल. ओढू नगंस." त्यांना काही दिसत नव्हतं. बंद दाराआडून नुसत्या माझ्या ओरडण्यावरून त्या सगळं सांगत होत्या, आणि तसंच होत होतं.

बाळ रडलं. बाहेरून आत्याबाई म्हणाल्या, "वार पडली का गं?"

"पडतीया," रहिमतबी म्हणाल्या.

"ताटात पसर. कडंकडंनं बोट फिरव. समदी हाय का? तुकडा ऱ्हायला तर बाई जाती. नीट बघ. परत बघ."

"हाय गं हरणे. समदी हाय."

"परत बघ!"

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. ते रडणं कळांचं नव्हतं.

दार उघडलं तेव्हा त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. रहिमतबींनी नातू दाखवला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि आदबीनं विचारलं, "कुनाची बाळंतीन?"

१० फेब्रुवारी

रंगूकाकी आल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. पदराखाली सुलाची पोरगी. तीन महिन्यांची, पण माझ्या पंधरा दिवसांच्या मुलाएवढीच. हातापायांच्या काड्या, डोळे मोठे.

त्या ओट्याखालीच उभ्या राहिल्या. "शेळीचं दूध पचत न्हाई. आठ दिस झालं, समदं वकतीया. म्हशीचं पानी घालून दिलं, त्येबी न्हाई. गावात दुसरी वली बाळंतीन न्हाई कुनी." मागणं त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

मी हात पुढे केले. पोरीला आधी ओढताच येईना, तेवढी ताकद नव्हती. मी पिळून तोंडात थेंब सोडले. मग लागली.

रंगूकाकींनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

१९ फेब्रुवारी

रंगूकाकी दिवसातून दोनदा येतात, तीनदासुद्धा. पोरगी आता ओकत नाही. माझ्या मुलाला थोडं कमी पडतं, तो रडतो. रहिमतबी मला शेपू आणि खसखस खाऊ घालतात.

आज दुपारी आत्याबाई माझ्या बाजेजवळ बसल्या होत्या. रंगूकाकी आल्या तर त्यांना ओळखलं. ओळखतील तर नेमकं त्यांनाच. म्हणाल्या, "रंगू, तुज्या सुलाला कितवा लागला गं?"

पोरगी माझ्या मांडीवर होती. मी काहीतरी बोलून विषय मोडणार, तेवढ्यात रंगूकाकींनी खाली बसून आत्याबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नववा लागंल आता, मावशी."

"कळा आल्या की बोलवाय येशील न्हवं? का दुसरी बघितलीस?"

"तुमास्नी सोडून कुनाला बोलवू?"

आत्याबाईंना समाधान वाटलं. उठून गाठोडं शोधायला आत गेल्या.

मला ते सोसेना. मी म्हटलं, "काकी, तुम्ही मला फाटकापाशी विचारलं होतं. मी खोटं बोलले. त्या दिवशी खापरात—"

"अंजना." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पोरीच्या तोंडाकडे बघत होत्या. "पोर पितीया."

"पण मला सांगायचंय. मला ठाऊक होतं. मी फडकं उचललं असतं तर—"

"तुला काय सांगायचं हाय त्ये मी जानते. तू खड्डा खनत हुतीस तवाच कळलं मला." त्यांचा आवाज चढला नाही. "पर तू तुज्या तोंडानं सांगितलंस, तर मला परत ह्या दारात येता येनार न्हाई. सयाजी यू देनार न्हाई. आन मला तर उद्याबी यायचं हाय."

आतून आत्याबाई विचारत होत्या, विळा कुठं ठेवला म्हणून.

पोरगी प्यायची थांबली, डोळे उघडून वर बघितलं. मी तिला दुसऱ्या अंगाला घेतलं.